साच्यातला डांगर भोपळा दरवेळी का गळतो, का कुजतो? बेळगाव-खानापूर भागासाठी कारणं आणि उपाय

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात परसात किंवा बांधावर डांगर भोपळा लावणाऱ्या बऱ्याच जणांनी अलीकडे व्हिडिओ बघून चौकोनी, बदामी किंवा माणसाच्या तोंडाच्या आकाराचा भोपळा करायचं मनावर घेतलं आहे. आणि तक्रार जवळजवळ सगळ्यांची एकच आहे. कोवळं फळ साच्यात घातलं की आठ-दहा दिवसांत ते पिवळं पडून गळतं, नाहीतर आतल्या आत कुजतं. मग पुढच्या खेपेला साचा बदलतात, भोकं वाढवतात, जाड प्लास्टिक आणतात, आणि पुन्हा तेच होतं.

माझं स्पष्ट मत आहे की दोष साच्यात फार क्वचित असतो. बिघाड फळ साच्यात जाण्याआधीच झालेला असतो, किंवा हंगामच चुकीचा धरलेला असतो. साच्यावर आणखी पैसे घालण्याआधी एवढं तपासून घ्या.

आधी फळ चिरून बघा

गळालेलं किंवा कुजलेलं फळ आपण उकिरड्यावर फेकून मोकळे होतो. त्याआधी ते विळीवर देठापासून फुलाच्या टोकापर्यंत उभं चिरा.

आतून फळ स्वच्छ आहे, पण बियांच्या जागी नुसत्या पातळ पांढऱ्या चिपट्या आहेत आणि फुलाकडचं टोक आक्रसलं आहे, तर परागीभवन झालेलंच नव्हतं किंवा अर्धवट झालं होतं. हे फळ साच्याबाहेर असतं तरी गळलं असतं.

गरात बोगदे आणि पिवळट पांढऱ्या अळ्या दिसल्या तर ती फळमाशी. पूर्ण वाढलेली अळी ताटलीत टाकली की अंग वाकवून टुणकन उडी मारते, त्यावरून ओळख पक्की होते. सालीवर बारकाईनं पाहिलं तर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका आणि त्यावर सुकलेल्या डिंकाचा थेंब सापडतो. माशीनं अंडी घातली ती फळ उघड्यावर असताना. साचा नंतर चढला, म्हणून आळ साच्यावर येतो.

साच्याला टेकलेल्या बाजूला पाणचट मऊ डाग आणि त्यावर पांढरी लोकरी बुरशी असेल तर ती ओलाव्याची कुज. फुलाच्या टोकाला काळपट, कोरडा, चिवट खळगा असेल तर फळाला कॅल्शियम पोचलेलं नाही. खानापूरकडच्या तांबड्या जमिनीत चुना, म्हणजे कॅल्शियम, मुळात कमी असतो हे खरं, पण परसातल्या वेलाच्या बाबतीत कारण बहुधा पाण्यात असतं. चार दिवस वेल सुकवायचा आणि पाचव्या दिवशी आळं तुंबवायचं, अशा पाण्यानं कॅल्शियम जमिनीत असूनही फळाच्या टोकापर्यंत जात नाही. राहता राहिली एका बाजूची उकडल्यासारखी पांढरी साल. तो उन्हाचा चटका आहे आणि पारदर्शक प्लास्टिकच्या साच्यात तो हमखास बसतो.

यातली पहिली दोन कारणं सर्वांत जास्त आढळतात, आणि दोन्हींचा साच्याशी काही संबंध नाही.

आठ दिवसांत पिवळं पडून गळतं

भोपळ्याच्या वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. सुरुवातीला नुसती नर फुलं, लांब सडपातळ देठावर. मादी फुलाच्या खाली मात्र इवलासा भोपळा कळी असल्यापासूनच दिसतो. तो बघून लोकांना वाटतं फळ धरलं, आणि घाईनं साचा चढवला जातो. फळ तेव्हा धरलेलं नसतं. मादी फूल पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं, ते पुन्हा उमलत नाही. त्या थोड्या तासांत झड लागली तर मधमाश्या बाहेर पडत नाहीत आणि भिजलेला पराग वाया जातो.

म्हणून साच्यासाठी ठेवायच्या फळाचं परागीभवन हातानंच करा. उद्या उमलणारी कळी आदल्या संध्याकाळी ओळखता येते: ती फुगते आणि टोकाला पिवळी होते. पावसाची चिन्हं असतील तर नर आणि मादी दोन्ही कळ्यांवर कागदी पिशवी घाला. सकाळी सहा ते आठच्या दरम्यान ताजं नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढा आणि मधला पराग मादी फुलातल्या कुक्षीच्या (पराग धरणाऱ्या मधल्या चिकट भागाच्या) प्रत्येक भागावर नीट फिरवा. एका मादी फुलाला दोन-तीन नर फुलं वापरावीत. पराग एकाच बाजूला लागला तर फळ एकाच बाजूनं फुगतं, आणि असं फळ चौकोनी साच्याचा तो कोपरा कधीच भरत नाही.

पाच-सात दिवसांनी फळ लिंबाहून मोठं झालं, देठ जाड व्हायला लागला आणि सालीवर चकाकी आली, की फळ धरलं असं समजा. साच्याची वेळ ती. वेलावरची बाकीची फळं तेव्हाच खुडून टाका, जीव होत नसला तरी. एका वेलावर साच्याचं फळ एकच. दोन ठेवली तर वेल त्यातलं एक बहुतेक वेळा सोडून देतो, आणि नेमकं कुठलं सोडेल ते आपल्या हातात नसतं. फळ धरण्याच्या काळात युरियाही थांबवा. पानं हिरवीगार दिसतात, फळं गळतात.

फळमाशी

परागीभवनाच्या दिवशीच दुपारी, फूल मिटल्यावर, त्या फळावर पातळ कापडाची किंवा वर्तमानपत्राची पिशवी बांधा आणि साचा चढेपर्यंत काढू नका. शेतात क्यू ल्यूरचे, म्हणजे नर माशीला ओढणाऱ्या गंधाचे सापळे लावा. त्यात नर माश्या अडकतात आणि पुढची पिढी कमी होते, पण आज फिरणारी मादी त्यानं थांबत नाही, त्यामुळे पिशवीला पर्याय नाही. किडकी फळं बांधावर टाकू नका. अळ्या मातीत शिरून कोष करतात आणि माशी होऊन तुमच्याच वेलावर परत येतात. ती खोल पुरा, किंवा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा. औषध फवारायचंच असेल तर संध्याकाळी फवारा, सकाळी फुलांवर मधमाश्या असतात.

कुजतं, दरवर्षी कुजतं

आता आपल्या भागाचा खरा प्रश्न. एकाच बेळगाव जिल्ह्यात खानापूरच्या पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडे चार महिने आभाळ फाटलेलं असतं, आणि अथणी-रायबागला कालव्याकडे नाहीतर विहिरीकडे डोळे लावून बसावं लागतं. एकच सल्ला दोन्हीकडे चालणार नाही. अथणी, रायबाग किंवा चिकोडीच्या पूर्व भागात जूनच्या लागणीचा भोपळा साच्यात नीट पोसतो. खानापूर, बेळगाव आणि त्याच्या पश्चिमेला मात्र पावसाळ्यात साचा वापरूच नका, असंच मी सांगेन. जुलै-ऑगस्टच्या झडीत साच्यातला ओलावा सुकत नाही. कितीही भोकं पाडा, बाहेरची हवाच ओली असते.

पण लोक नेमके जूनमध्ये लावतात, कारण भोपळा गणपतीच्या आरासीत मांडायचा असतो. ही घाई सोडली की निम्मा प्रश्न सुटतो. पक्व डांगर महिनोन्‌महिने टिकतो, आपल्या घरांत तो माळ्यावर ठेवतातच. तेव्हा जानेवारीच्या अखेरीस बी टोका. मार्चच्या मध्यावर फुलं, अखेरीस साचा, आणि मेच्या मध्यापर्यंत पाऊस येण्याआधी भोपळा घरात. तिथून गणपतीपर्यंत तो कोरड्या माळ्यावर राहतो. मेहनत तेवढीच लागते, आणि रोगाशी झगडा फारच कमी.

उन्हाळी लागणीतही वळीव येतो, तेव्हा थोडी काळजी हवी. साचा मातीवर टेकवू नका. खाली दोन विटा किंवा उताणं कौल ठेवा म्हणजे पाणी निघून जातं. साच्याच्या सर्वांत खालच्या बिंदूला भोक हवंच, बाकीची कडांना आणि कोपऱ्यांत पाडा. सपाट बाजूच्या मधोमध भोक पाडलं तर फळ त्यातून बाहेर येऊन तिथं गुठळी उठते. कोपऱ्यातलं भोक शेवटी बुजतं, तोवर हवा खेळत राहते. फळ आत ठेवण्याआधी टोकाला चिकटलेलं वाळलेलं फूल हलकेच पिळून काढा. कुजेची सुरुवात बहुधा तिथूनच होते, आणि इतकी साधी गोष्ट कुणी सांगत नाही. पाणी वेलाच्या बुंध्याशी द्या, ठिबक असेल तर उत्तम, वरून शिंपडू नका.

पारदर्शक साचा वापरत असाल तर त्यावर उसाचं पाचट किंवा भिजवून पिळलेलं गोणपाट टाका. पाचटाची आपल्याकडे वानवा नाही. फळाला वाढायला उजेड लागत नाही, त्याला पोसतात ती पानं. अंधारात रंग थोडा फिका राहतो एवढंच. पानांवर भुरी (पिठासारखी पांढरी बुरशी) दिसली तर ती वेळेवर आवरा, कारण पानं गेली की फळ फुगायचं थांबतं आणि आकार अर्धवट राहतो. मात्र एप्रिलच्या भर उन्हात गंधक मारू नका, काकडीवर्गातल्या वेलांची पानं त्यानं भाजतात.

मातीचा साचा हा पर्याय मला मनापासून आवडतो, विशेषतः दुधी भोपळ्यासाठी. खानापूरला कुंभारकामाची जुनी परंपरा आहे, केंद्रीय ग्रामीण कुंभारकाम संस्थाही तिथंच आहे. जाड भिंतीचा, दोन भागांत भाजून घेतलेला मातीचा साचा ओलावा शोषतो, बाहेर सोडतो आणि तापतही कमी. चीनमध्ये कांग्शी सम्राटाच्या काळात (१६६१ ते १७२२) राजवाड्यात दुधी साच्यात वाढवून नक्षीदार भांडी आणि रातकिडे पाळायच्या डब्या करत. डांगरासाठी मात्र नुसती माती पुरत नाही. त्याचं कारण पुढे.

साचा फुटतो, फाकतो, किंवा कोपरे भरत नाहीत

फळाच्या ताकदीचा अंदाज नसतो म्हणून साचे फुटतात. १८७४-७५ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स कृषी महाविद्यालयात विल्यम क्लार्क यांनी वाढत्या भोपळ्याला लोखंडी बंधात ठेवून त्यावर वजनं चढवत नेली. शेवटी त्या फळानं सुमारे ५,००० पौंड, म्हणजे जवळजवळ सव्वादोन टन वजन पेललं. त्या बंधात फळ वेडंवाकडं झालं, पण वाढत राहिलं. खिळे मारलेलं फळीचं खोकं त्यापुढे टिकणार नाही, खिळे सरळ उपसून येतात. फळ्या असतील तर आरपार नट-बोल्ट घाला आणि बाहेरून लोखंडी पट्टी आवळा. मातीच्या साच्याला जाड बांधणीची तार दोन-तीन ठिकाणी. पातळ ॲक्रिलिक तडकतं, पॉलीकार्बोनेट टिकतं.

साच्याची रचना समजून घ्यायची असेल तर बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) जाऊन पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, करणाऱ्याशी बोला. साचा दोन भागांत कुठं विभागायचा, वस्तू अडकू नये म्हणून बाजूंना उतार किती द्यायचा, हवेला वाट कुठून ठेवायची, हे त्या लोकांना रोजच्या कामानं पाठ असतं आणि भोपळ्याच्या साच्याला ते जसंच्या तसं लागू पडतं. तोंडाच्या आकाराच्या साच्यात नाक खोल आणि आतून रुंद केलं तर साचा उघडताना नाक मोडतंच. नाकाचा भाग बाहेरच्या बाजूला निमुळता ठेवला की साचा अलगद सुटतो.

कोपरे न भरण्याचं कारण मात्र माप. साच्यात पाणी ओतून तो किती लिटरचा आहे ते मोजा (भोकं मातीनं लिंपून घ्या). मग त्याच वाणाचा एक पूर्ण वाढलेला भोपळा काठोकाठ भरलेल्या बादलीत हातानं दाबून बुडवा आणि सांडलेलं पाणी मोजा. साचा त्याच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश असावा. मोठा असेल तर फळ भिंतींना टेकण्याआधीच पिकतं. फार लहान असेल तर फळ फुटतं किंवा साचा तरी. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचा अर्का चंदन दोन-तीन किलोचा होतो, अर्का सूर्यमुखी साधारण किलोभराचा. नवख्यानं यांतलाच एक घ्यावा, कारण फळांचा आकार सारखा येतो आणि माप जुळवता येतं. घरच्या बियांचा डांगर चवीला कितीही चांगला असला तरी एक फळ तीन किलोचं आणि दुसरं आठ किलोचं होतं. कॅलिफोर्नियातल्या टोनी डिघेरा या शेतकऱ्यानं २०१४ साली राक्षसी चेहऱ्याचे भोपळे बाजारात आणले. त्याआधी त्यानं चार वर्षं २७ वाण तपासून पाहिले होते. वाणाला एवढं महत्त्व आहे.

उशीर केला तरी कोपरे भरत नाहीत. परागीभवनानंतरचे पहिले तीन आठवडे फळ सर्वांत वेगानं फुगतं, पुढे साल कडक होत जाते. नारळाएवढं झालेलं फळ साच्यात दाबून बसवू नका, ते आकार घेणार नाही.

देठ मोडतो

देठाचं भोक फळ ठेवताना सैल वाटतं आणि महिन्याभरात देठाला आवळतं. ते किमान दोन इंच ठेवा. वेल गाठीगाठीला मुळं धरतो, फळाजवळच्या दोन-तीन गाठींची मुळं हलकेच सोडवा म्हणजे फळ फुगताना वेल सरकू शकतो. साचा चढवण्याचं काम दुपारनंतर करा. सकाळी वेल पाण्यानं टचटचीत भरलेला असतो आणि जरा वाकवला की कटकन मोडतो.

साच्याशिवाय करायचं असेल तर

साचा परवडत नसेल तर कोवळ्या सालीवर अक्षरं कोरून सुरुवात करा. फळ मुठीएवढं झाल्यावर कोरड्या दिवशी सुईनं किंवा नखानं साल जेमतेम खरवडायची. जखम खडबडीत खपलीनं भरते आणि फळाबरोबर अक्षर मोठं होत जातं. देवनागरीत एक अडचण येते. शिरोरेषा अखंड ओढली की फळ फुगताना त्या आडव्या रेषेवर चीर पडते, मी पाहिली आहे. प्रत्येक अक्षराची रेघ सुटी ठेवा. नावाचं एखादं अक्षर किंवा ॐ पुरे, वाक्यं लिहू नका.

दुसरा मार्ग बांधण्याचा. जुन्या सुती साडीच्या चार बोटं रुंद पट्ट्या फळाभोवती सैलसर बांधल्या तर मध्ये कंबर पडते. सुतळी किंवा तार नको, ती सालीत रुतते आणि तिथून कूज शिरते.

काढणी, साठवण आणि खाणं

देठ वाळून लाकडी झाला, फळाजवळचा तणावा (वेलाचा कुरळा तंतू) सुकला आणि सालीत नख रुतेनासं झालं की भोपळा तयार. साचा एकदम उपसू नका. बोल्ट सैल करून दोन दिवस तसाच ठेवा, फळ थोडं मोकळं होतं. फिकी साल एकदम उन्हात आली तर भाजते, म्हणून साचा काढल्यावर वर पानं पसरून चार-पाच दिवस वेलावरच राहू द्या, मग तोडा. देठ दोन इंच ठेवून कापा. देठ धरून उचलू नका, तो तुटला की तिथूनच फळ सडतं.

आठ-दहा दिवस हवेशीर सावलीत ठेवा, मग माळ्यावर, गवतावर किंवा फळीवर, एकमेकांना न टेकवता. साच्याच्या कडांनी साल जिथं ताणली गेली असते तिथं पहिला डाग पडतो, म्हणून दर आठवड्याला कडा आणि कोपरे बोटांनी दाबून बघा. मऊ लागलेला भोपळा लगेच बाहेर काढा आणि त्याच दिवशी घारगे करा. जपानच्या झेंत्सुजी शहरातली चौकोनी कलिंगडं न पिकलेली काढतात, ती नुसती शोभेची असतात. आपला डांगर वेलावर पूर्ण पिकलेला असतो, आकार कसाही असला तरी खायला नेहमीसारखाच.

त्याचं बी पुढच्या वर्षी जरूर लावा, पण त्यातून चौकोनी भोपळा येणार नाही. आकार साच्याचा आहे, बियाचा नाही. रिकामा साचा चुन्याच्या निवळीनं धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवा आणि मगच ठेवून द्या, नाहीतर यंदाची बुरशी पुढच्या फळाला लागते.